तीन लग्नांची नायिका: कादंबरीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही कादंबरी प्रसिद्ध झाल्यापासून पुण्यातल्या वाचनालयांत, महिला मंडळांत आणि एकदा तर स्वारगेटला बसच्या रांगेत उभी असतानाही मला तेच ते प्रश्न विचारले गेले आहेत. तोंडी उत्तर देताना दर वेळी काही ना काही राहून जाते, म्हणून सगळी उत्तरे एकदाच लिहून ठेवते. ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी इतकेच, की ती १९३४ ते १९६१ या काळात मुख्यतः पुण्यात घडते. तिची नायिका वयाच्या अकराव्या वर्षी एका चित्रपट कंपनीत पगारावर लागते, पंचविशीच्या आत देशभर नाव कमावते, तीन वेळा लग्न करते आणि तिन्ही वेळा गावभर बोभाटा होतो. कथानकातल्या बऱ्याच गोष्टी पुढे उघड झाल्या आहेत. ज्यांना शेवट आधी कळलेला चालत नाही त्यांनी येथेच थांबावे.

नायिका म्हणजे नेमकी कोण?

कोणीही नाही. हे उत्तर ऐकले की समोरची व्यक्ती डोळे बारीक करून हसते आणि हळूच एखादे नाव घेते. आजवर माझ्यापुढे अशी सात नावे घेतली गेली आहेत आणि त्यांतल्या दोघींचा जन्म तर नायिकेच्या तिसऱ्या लग्नानंतरचा आहे. वाचकांचा यात दोष नाही; सिनेमातल्या बाईची गोष्ट म्हटली की ती कुणाची तरी खरी भानगड असणार, अशी आपल्याला सवय लागलेली आहे. पण एखाद्या खऱ्या स्त्रीचे आयुष्य उचलून केवळ नाव बदलायचे असते तर मी सरळ चरित्रच लिहिले असते, आणि त्यासाठी आधी तिच्या घरच्यांचे दार वाजवले असते.

मी घटना कुणाच्याही घेतलेल्या नाहीत, परिस्थिती मात्र अनेकींची घेतली आहे. त्या काळी पगारावर लागलेल्या मुलीच्या हातात पैसे पडत होते का, तिच्या करारावर सही कोण करीत होते, तिला नवरा सोडायचा झाला तर कोणता रस्ता उघडा होता आणि कोणता बंद, या प्रश्नांची उत्तरे आधी गोळा केली आणि त्या उत्तरांच्या चौकटीत बसेल अशी एक बाई कल्पिली. तिला नाव द्यायला मला चार महिने लागले, कारण सुचलेल्या प्रत्येक नावाची एक तरी नटी खरोखरच होऊन गेलेली निघत होती.

मग आधार कशाचा घेतला?

या बाबतीत मराठी लेखक नशीबवान आहे, कारण आपल्याकडच्या अभिनेत्रींनी स्वतःविषयी भरपूर आणि बरेचदा निर्भीडपणे लिहिले आहे. शांता आपटे यांनी १९४० सालीच ‘जाऊ मी सिनेमात?’ असे थेट प्रश्नार्थक नाव असलेले पुस्तक लिहून चित्रपटात येऊ पाहणाऱ्या मुलींना धंद्याची आतली बाजू सांगितली. पुढे स्नेहप्रभा प्रधान, लीला चिटणीस, दुर्गा खोटे यांची आत्मचरित्रे आली. या सगळ्यांत हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) वेगळे उठून दिसते. घर चालवण्यासाठी कोवळ्या वयात कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली ही बाई लग्न, दारू, पळून जाणे आणि परत येणे हे सारे एखाद्या शेजारणीला सांगावे तशा आवाजात सांगते. स्वतःची बाजू मांडण्याची घाई तिला नाही. १९५९ साली गाजलेल्या तिच्याच तमाशापटाचे नाव या पुस्तकाला दिलेले आहे, आणि त्यावर आधारलेला श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ १९७७ साली आला तेव्हा स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माझी नायिका म्हणजे हंसाबाईच, असे अनेकांना वाटते ते यामुळेच. तसे वाटू नये म्हणून मी नायिकेला एकाही तमाशापटात काम दिलेले नाही. ही खबरदारी फारशी उपयोगी पडली नाही, हेही मान्य करते.

दुसरा आधार आपल्या विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा. १९६४ साली स्थापन झालेल्या या संस्थेत चित्रपटांइतकेच महत्त्वाचे कागद आहेत: छायाचित्रे, भित्तिपत्रके, गाण्यांच्या पुस्तिका. २००३ सालच्या आगीत जुन्या, सहज पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळून गेला. ज्यांचे चित्रपट आता पाहता येत नाहीत त्या नटींचा माग काढायचा तर कागदांवरच विसंबावे लागते.

तिसरा आधार रविवारच्या जुन्या बाजाराचा. तेथे चाळीस रुपयांना मला एक गाण्यांची पुस्तिका मिळाली. आतल्या पानावर पात्रपरिचय छापलेला होता आणि नायिकेच्या नावाआधीचे ‘मिस’ कुणीतरी पेन्सिलीने खोडून वर बारीक अक्षरात ‘सौ.’ लिहिलेले होते. पुढे कधीतरी ते ‘सौ.’ही शाईच्या एका आडव्या रेघेने खोडले गेले होते आणि समासात पुन्हा ‘मिस’ आले होते. नटी कोण ते मी सांगणार नाही. ती पुस्तिका जपून ठेवणाऱ्या, आणि वर्तमानपत्रात काही वाचले की कपाटातून काढून तिच्यावर सुधारणा करणाऱ्या त्या अनोळखी माणसाने मात्र मला कादंबरीची पहिली ओळ दिली.

त्या काळात एका स्त्रीला तीन लग्ने कायद्याने शक्य होती का?

शक्य होती, आणि कशी शक्य होती हाच कादंबरीचा कणा असल्यामुळे हे उत्तर जरा लांबणार आहे.

नायिकेचे पहिले लग्न १९३८ सालचे, भटजींनी लावलेले. ते मोडते काडीमोडीने. हिंदू लग्न म्हणजे जन्मोजन्मीची गाठ आणि घटस्फोट ही १९५५ नंतरची गोष्ट, असे आपण शाळेपासून ऐकत आलेलो असल्यामुळे वाचकांना हे खटकते. पण तो समज प्रामुख्याने उच्चवर्णीयांपुरता खरा होता. महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत पंचांसमोर काडीमोड घेणे आणि त्यानंतर बाईने पाट लावणे, म्हणजे पुन्हा लग्न करणे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले होते, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही रूढीने मिळणारा घटस्फोट आपल्या २९व्या कलमात शाबूत ठेवला. नायिका अशाच एका समाजातली आहे. तो कोणता, हे मी मुद्दामच लिहिलेले नाही.

दुसरे लग्न १९४४ सालचे, एका नामांकित दिग्दर्शकाशी, ज्याची पहिली बायको हयात आहे आणि त्याच गावात राहते आहे. तेव्हा यात पुरुषाला काही आडकाठी नव्हती. मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नावर बंदी आली ती १९४६ च्या कायद्याने. त्याआधी, १९४१ साली, व्ही. शांताराम यांनी पहिली पत्नी हयात असताना जयश्री यांच्याशी विवाह केला तो उघडपणे आणि कायद्याला धरून. बाईचे तसे नव्हते. पहिला नवरा जिवंत असताना आणि काडीमोड झालेली नसताना तिने दुसरे लग्न केले तर दंडविधानाच्या ४९४व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. म्हणजे एकाच मांडवात, एकाच मुहूर्तावर उभ्या असलेल्या दोघांपैकी नवऱ्याला काहीही दाखवायची गरज नाही आणि नवरीच्या पदरात पंचांच्या सह्यांचा कागद हवा. तो कागद कादंबरीभर फिरतो आहे, हे लक्षपूर्वक वाचणाऱ्यांच्या ध्यानात आले असेलच.

१९४६ चा कायदा मुकाट्याने स्वीकारला गेला असेही नाही. त्याला आव्हान दिले गेले आणि १९५१ साली न्यायमूर्ती छागला व गजेंद्रगडकर यांनी मुंबई उच्च न्यायालयात तो वैध ठरवला. कादंबरीतला दिग्दर्शक या निकालाची बातमी मेकप रूममध्ये मोठ्याने वाचून दाखवतो आणि कुणीच हसत नाही, तो प्रसंग त्याच वर्षीचा आहे.

दुसऱ्या लग्नातून नायिका सुटते १९५६ साली. हिंदू विवाह कायद्याच्या १३व्या कलमात केवळ पत्नीसाठी एक तरतूद आहे: नवऱ्याची कायद्यापूर्वी केलेली आणखी एखादी बायको, मग ती आधीची असो वा नंतरची, हयात असेल तर तेवढ्या कारणावर पत्नी घटस्फोट मागू शकते. अट इतकीच की अर्ज दाखल होताना ती बायको जिवंत असली पाहिजे. या एका अटीतून मला कादंबरीतला माझा सर्वांत आवडता प्रसंग मिळाला. दिग्दर्शकाची थोरली बायको, म्हणजे नायिकेची सवत, शिवाजीनगरच्या न्यायालयात साक्षीला येते. आपण जिवंत आहोत एवढेच सिद्ध करायला. नऊवारी नेसलेली, कापडी पिशवी मांडीवर घट्ट धरलेली, बारा वर्षांत नायिकेशी एक शब्दही न बोललेली ही बाई विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देते, उतरते, आणि जाताना पिशवीतले पेरू नायिकेच्या पुढ्यात ठेवून निघून जाते. हा प्रसंग कुठल्याही खऱ्या खटल्यातला नाही.

तिसरे लग्न १९५७ चे. घटस्फोटानंतर वर्षभर थांबण्याचे बंधन तेव्हा होते, ते ती पाळते. लग्न विशेष विवाह कायद्याखाली असल्यामुळे नोंदणी कार्यालयाच्या फलकावर तीस दिवस नोटीस लागते आणि दोन लग्ने गुपचूप उरकलेल्या बाईला तिसरे चारचौघांच्या नजरेसमोर टांगून ठेवावे लागते.

पहिल्या लग्नाच्या वेळी ती जेमतेम पंधरा वर्षांची आहे. तो गुन्हा नव्हता का?

नव्हता. शारदा कायद्याने, म्हणजे बालविवाह रोखणाऱ्या कायद्याने, १९३० पासून मुलीसाठी चौदा आणि मुलासाठी अठरा वर्षांची मर्यादा घातली होती. पुढे १९४९ साली मुलीचे वय पंधरा झाले आणि अठरा झाले ते थेट १९७८ साली. मर्यादा मोडून लागलेले लग्नही त्या कायद्याने रद्द होत नसे, लावून देणाऱ्यांना शिक्षा तेवढी होऊ शकत असे. हल्लीच्या नजरेने वाचताना पोटात गोळा येतो हे खरे आहे. मला लिहितानाही आला.

दिग्दर्शक पुढे आणखी एका तरुण नटीशी देवळात हार घालून ‘लग्न’ करतो. तोवर तर बंदी आलेली होती. मग त्याला शिक्षा का होत नाही?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक वाचक चिडलेले असतात आणि त्यांचे चिडणे योग्यच आहे. पहिली गोष्ट अशी की या गुन्ह्याची तक्रार दुखावलेल्या पत्नीने किंवा तिच्या वतीने घरच्यांनी करावी लागते, आणि कादंबरीतल्या दोन्ही बायकांना त्याला तुरुंगात पाठवण्यापेक्षा मुलांच्या फीची काळजी अधिक आहे. दुसरी गोष्ट कायद्यातली, आणि ती फार बोचरी आहे. १९६५ साली महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले, की दुसरे लग्न योग्य विधींनी लागल्याचे सिद्ध झाल्याशिवाय द्विविवाहाचा गुन्हा होत नाही. त्या खटल्यातले दुसरे लग्न गांधर्व पद्धतीचे होते आणि आवश्यक विधी झाल्याचे सिद्ध न झाल्यामुळे नवरा सुटला. म्हणजे लग्न जितके कच्चे, तितका पुरुष सुरक्षित. पुढे १९८८ साली त्याच न्यायालयाने, पहिली पत्नी हयात असताना जिच्याशी लग्न लागले ती कायद्याच्या अर्थाने पत्नी नाही आणि म्हणून तिला पोटगी नाही, असा निर्णय दिला. देवळातल्या हाराने गुन्हाही होत नाही आणि बायकोही होत नाही. हे दोन्ही निर्णय कादंबरीच्या काळानंतरचे आहेत, पण त्या तरुण नटीच्या गळ्यात हार पडतो तेव्हा नायिका आरशात पाहून जे वाक्य बोलते, त्याच्या मागे ते उभे आहेत.

लग्नांची गोष्ट असताना पगाराची आणि कराराची इतकी पाने कशासाठी?

कारण बोभाटा लग्नांचा झाला तरी तिच्या प्रत्येक लग्नामागे पगाराचा कागद आहे. ज्यांना ही पाने कंटाळवाणी वाटली त्यांच्यापुढे माझा इलाज नाही. माझ्या दृष्टीने ती कादंबरीतली सर्वांत सनसनाटी पाने आहेत.

अकरा वर्षांच्या मुलीने केलेला करार आपल्या कायद्याने मुळातच निरर्थक असतो. प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाच्या, १९०३ सालच्या निकालापासून याबाबत शंका उरलेली नाही. म्हणून मुलीच्या करारावर आई सही करते, पगार मामा उचलतो, आणि मामाच्या हातून तो काढून घेण्यासाठी पंधराव्या वर्षी कंपनीतल्या ज्या हिशेबनिसाशी मुलगी लग्न करते तो दुसऱ्याच महिन्यापासून तिच्या पगारपत्रकावर स्वतःच सही करू लागतो. वाचक याला प्रेमविवाह म्हणतात. मीही पहिल्या खर्ड्यात तसेच लिहिले होते.

त्या काळच्या स्टुडिओ पद्धतीत नट-नट्या मासिक पगारावर बांधलेल्या असत आणि करार संपेपर्यंत दुसरीकडे काम करण्याची सोय नसे. या पद्धतीविरुद्धचा सर्वांत गाजलेला निषेध याच पुण्यात झाला. १९३९ साली शांता आपटे प्रभात कंपनीच्या दाराशी उपोषणाला बसल्या. एवढी लोकप्रिय नायिका स्वतःच्याच कंपनीच्या दारात उपाशी बसते, या दृश्याची चर्चा तेव्हा तिच्या ‘तोऱ्या’विषयी झाली, कराराविषयी कमी. पुढे १९५७ साली निर्माते बी. आर. चोप्रा आणि मधुबाला यांच्यातला करारभंगाचा खटला मुंबईत उभा राहिला. वाद साधा होता: बाहेरगावच्या चित्रीकरणाला ती जाईल की नाही. पण दिलीपकुमार यांनी निर्मात्याच्या बाजूने साक्ष दिली, तिच्यावरच्या प्रेमाची कबुली न्यायालयातच झाली, आणि करार बाजूला राहून लोकांना आठवणीत राहिले ते प्रेमप्रकरण. बाईचा व्यवहाराचा वाद भानगड म्हणून खपवला जातो तो नेमका कसा, हे पाहायचे असेल तर याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

पुणेच का? सिनेमा तर मुंबईचा.

आज मुंबईचा आहे. १९३३ साली प्रभात कंपनी कोल्हापूरहून येथे आली, आणि १९५३ साली बंद पडेपर्यंत तिचा वावर शहरात इतका होता की एका रस्त्याला तिचे नाव मिळाले. तिच्या आवारातच १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. कादंबरीतली कंपनी प्रभात नाही, तिच्या शेजारची एक काल्पनिक, थोडी कर्जबाजारी कंपनी आहे. मुंबईत नटी गर्दीत हरवू शकते. पुण्यात तिला त्याच मंडईत भाजी घ्यावी लागते जेथे कालच्या खेळाला आलेल्या बायका भाजी घेत असतात, आणि त्या काही बोलत नाहीत, फक्त पिशवी दुसऱ्या हातात घेतात.

दर चार प्रकरणांनंतर येणारे मासिकातले गॉसिप खरे आहे का?

एकही ओळ खरी नाही, आवाज मात्र त्या काळाचा ठेवण्याचा प्रयत्न केला आहे. १९३५ साली सुरू झालेल्या बाबूराव पटेल यांच्या ‘फिल्मइंडिया’ने सिनेमावर इंग्रजीत तिखट, बरेचदा विखारी लिहिण्याची एक रीत पाडली, ते मासिक लोक चित्रपटांइतक्याच उत्सुकतेने विकत घेत. मी जुने अंक वाचायला बसले तेव्हा मला धक्का बसला तो अपशब्दांचा नव्हे, शिष्टाचाराचा. ‘असे समजते’, ‘आमच्या कानावर आले आहे’, ‘संबंधित बाईंनी खुलासा करावा’ अशा अदबशीर धाटणीत एखाद्या बाईची अब्रू तीन ओळींत उतरवता येते. कादंबरीतले गॉसिप मराठीत आणताना मी एकच पथ्य पाळले: त्यात नवऱ्यांची नावे कधीही कर्त्याच्या जागी येत नाहीत. ती ‘फसवते’, ती ‘सोडते’, ती ‘पळते’. त्यांचे मात्र ‘संसार मोडतात’, जणू पावसाने.

काही वाचकांची तक्रार वेगळीच आहे, की भानगडींचे वर्णन पुरेसे चविष्ट नाही. मान्य आहे. दारे बंद झाल्यावर मी बाहेरच थांबले आहे.

एखाद्या कुटुंबाने बदनामीचा दावा लावला तर?

प्रकाशकांच्या वकिलांनी हाच प्रश्न छपाईआधी विचारला होता, त्यामुळे उत्तर तयार आहे. मृत व्यक्तीची बदनामी हा आपल्याकडे गुन्हा होऊ शकतो: दंडविधानाच्या ४९९व्या कलमाच्या पहिल्याच स्पष्टीकरणात तसे म्हटलेले होते आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५६व्या कलमातही ते आहे. मात्र त्यासाठी लिखाण त्या व्यक्तीच्या जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेले असावे लागते. खासगीपणाच्या हक्काबाबत १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले, की सार्वजनिक नोंदींत आलेल्या माहितीवर संमतीवाचून लिहिता येते, पण त्यापलीकडे खासगी आयुष्यात शिरणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर शिरावे. २०२१ साली एका दिवंगत मुख्यमंत्र्यांवरील चित्रपटाच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने, व्यक्तीचा खासगीपणाचा हक्क तिच्या मृत्यूबरोबर संपतो, तो वारसांकडे जात नाही, असा निर्णय दिला.

मला या कलमांचा आधार घ्यावा लागलेला नाही, कारण नायिका खरोखरच काल्पनिक आहे. तरीही ‘सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ हे वाक्य पुस्तकात छापायला मी तयार नव्हते. ते वाचले की वाचक हमखास खरी नावे शोधू लागतो. वकिलांनी ते छापलेच.

‘अभिनेत्री’ न म्हणता सगळीकडे ‘नटी’ का?

१९३४ साली तिला कुणी अभिनेत्री म्हटले नसते. नायिका स्वतः हा शब्द पहिल्यांदा उच्चारते ती १९५७ सालच्या नोंदणी अर्जावर व्यवसायाचा रकाना भरताना, आणि समोरचा कारकून तो खोडून ‘घरकाम’ लिहितो.

पानशेतच्या पुरात सगळे कागद वाहून जातात ही लेखिकेची सोय नाही का?

थोडी आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचेही, आणि नदीकाठच्या पेठांत घरेच्या घरे पाण्याखाली गेली. त्या दिवशी पुण्यात किती खरेदीखते, जन्मपत्रिका, दागिन्यांच्या पावत्या आणि लग्नाचे फोटो चिखल होऊन गेले असतील याचा हिशेब कधीच लागायचा नाही. आमच्या घरात आजही एखादी वस्तू सापडत नसली की ‘पुरात गेली’ असे म्हणतात, मग ती गेल्या वर्षी घेतलेली का असेना. अशा शहरात नारायण पेठेतल्या घरी ठेवलेली पत्र्याची पेटी मी वाचवली असती तर ते अधिक अविश्वसनीय झाले असते.

खरा प्रश्न, जो फार थोड्या वाचकांनी विचारला, तो वेगळा आहे: पंचांच्या सह्यांचा काडीमोडीचा कागद त्या पेटीत होता का? नसेल, आणि पंच १९४४ साली बसलेच नसतील, तर दिग्दर्शकाशी झालेले तिचे लग्न लग्न नव्हते, ४९४व्या कलमाखालचा गुन्हा होता, आणि न्यायालयात पेरू घेऊन आलेली ती बाई जिला सवत समजत होती ती सवत नव्हतीच. पूर ओसरल्यावर नायिका रिकाम्या पेटीजवळ बसून तो कागद शब्द न् शब्द तोंडपाठ म्हणून दाखवते. पाठ केलेला की रचलेला, हे ऐकणाऱ्या मुलीलाही कळत नाही आणि ती विचारीतही नाही.

यावर चित्रपट किंवा मालिका येणार आहे का?

नाही.

कादंबरीत चुका आढळल्या तर कळवाव्यात का?

अवश्य कळवाव्यात, वाचकांनी आजवर केलेले हे सर्वांत उपयोगी काम आहे. पहिल्या आवृत्तीत १९५६ सालच्या एका हिशेबात ‘नवे पैसे’ आले होते. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून सुरू झाली, त्यामुळे तेथे आणे हवे होते, आणि हे मला सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याने पोस्टकार्डावर, वर तारीख घालून, खाली ‘कळावे’ लिहून कळवले. दुसरी चूक पाककलेतली होती आणि तिच्याबद्दल पंधरा पत्रे आली. तिसरी चूक माझ्या आत्याने काढली. न्यायालयातला तो प्रसंग मी जूनमध्ये घातला होता, आणि तिचे म्हणणे असे, की सवत मोठ्या मनाची होती की नव्हती ते तू जाण, पण जूनमध्ये तिने पेरू आणले कुठून? दुसऱ्या आवृत्तीपासून खटल्याची तारीख डिसेंबरमध्ये गेली आहे.